सक्तीचा मोबाईल आणि साथीनंतरचे विद्यार्थी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणारा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता आता केवळ यात्रेकरूंचा राहिलेला नाही. सातपूरची औद्योगिक वसाहत मागे पडली की महिरावणीला संदीप विद्यापीठ लागते. पुढे अंजनेरी परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत आणि खुद्द त्र्यंबक गावात मराठा विद्या प्रसारक समाजाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. सकाळ-संध्याकाळी या रस्त्यावरच्या बस विद्यार्थ्यांनी भरून वाहत असतात. डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर आणि समोर ब्रह्मगिरी, पावसाळ्यात तर पाहत राहावे असे दृश्य. परंतु बसमधील बहुतेक माना खाली, हातातील पडद्याकडे वळलेल्या असतात.

आपल्या धर्मग्रामांत पालकांची बैठक भरली की हाच विषय प्रथम निघतो. मुलगा महाविद्यालयात गेला आणि मोबाईलचाच झाला, मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत जागी असते, जेवताना बोलत नाहीत, पुस्तक हाती धरवत नाही. या तक्रारी खोट्या नाहीत. तथापि त्यांच्यामागील निदान अर्धेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. साथीच्या काळात शासन, विद्यापीठ, महाविद्यालय आणि पालक अशा आपण सर्वांनी मिळून विद्यार्थ्याच्या हाती मोबाईल सक्तीने दिला. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, अंतराच्या खुणा पुसल्या गेल्या. ही एक सक्ती मात्र मागे घेतल्याचे कोणीही जाहीर केले नाही.

ती कशी आली हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेऊ नयेत अशी महाराष्ट्र शासनाची भूमिका होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने मात्र ६ जुलै २०२० रोजी परीक्षा घ्याव्यात असे मार्गदर्शक निर्देश काढले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल लागला: राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील, पण परीक्षेविना पदवी देता येणार नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, ज्याच्या कक्षेत नाशिक जिल्हा येतो, अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात घेतल्या. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी त्या ऑनलाईन दिल्या. तांत्रिक अडचणींच्या तक्रारी पहिल्याच दिवसांपासून आल्या. ज्या पोरांनी आधी केव्हाही पडद्यावर उत्तरपत्रिका पाहिली नव्हती, त्यांची पदवी आता पडद्यावर अवलंबून होती.

शहरातील कुटुंबासाठी ही अडचण होती. त्र्यंबक तालुक्यासाठी ते संकट होते. हा तालुका डोंगराळ आणि अतिपावसाचा आहे. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली समाजांच्या वस्त्या पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या आहेत. पाड्यावर ‘रेंज’ मिळत नाही म्हणून टेकाडावर चढून, झाडाखाली बसून तास ऐकणे हे त्या वर्षी नवलाचे राहिले नव्हते. त्यात त्र्यंबक गावची अर्थव्यवस्था यात्रेवर चालते. फुले, प्रसाद, निवास, वाहने, हॉटेले यांवर कितीतरी घरे जगतात. मार्च २०२० पासून मंदिर बंद होते. धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. म्हणजे ज्या महिन्यांत घरात पैसा येणे थांबले, नेमक्या त्याच महिन्यांत त्या घराने आठ-दहा हजारांचा फोन घ्यावा अशी अपेक्षा होती. उसनवारी करून, मजुरीतून साठवून, तो घेतलाही गेला. ‘असर’ या सर्वेक्षणाप्रमाणे ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता; २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. एवढ्या वेगाने गरीब घरात दुसरी कोणती वस्तू शिरली असेल?

कर्ज काढून आणलेल्या त्या वस्तूला आईबापांनी तेव्हा ‘शिक्षण’ म्हटले होते. तीच वस्तू आज ‘व्यसन’ म्हणून ओळखली जाते, हे मुलांनी कसे समजून घ्यावे?

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी प्रत्यक्ष सुरू करण्याची परवानगी मिळाली. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. महाविद्यालये उघडली आणि आठवड्या-दोन आठवड्यांतच एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप राज्यभर पसरला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. नाशिक शहरातील विद्यार्थ्याला दुचाकी होती, रिक्षा होती, महापालिकेची सिटीलिंक बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली होती. हरसूलकडील किंवा डोंगरापलीकडच्या पाड्यावरील विद्यार्थ्याला लाल बसशिवाय दुसरे साधन नव्हते. परिणामी ज्याच्यासाठी प्रत्यक्ष वर्ग सर्वाधिक गरजेचा होता, तोच विद्यार्थी आणखी एक वर्ष मोबाईलवर राहिला. कागदोपत्री महाविद्यालय उघडे होते; त्याच्या लेखी ते बंदच होते.

त्या काळात मनावर काय उमटले याची एक खूण ३१ जानेवारी २०२२ रोजी दिसली. त्या दिवशी मुंबईत धारावी येथे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांच्या घरासमोर दहावी-बारावीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने जमले. राज्यात अन्यत्रही असेच घडले. मागणी एकच होती, परीक्षा ऑनलाईन घ्या. त्यांना कोणत्याही विद्यार्थी संघटनेने बोलावले नव्हते. इन्स्टाग्रामवरील आवाहन पाहून ते आले होते. आपण त्यावर पुष्कळ हसलो, पुष्कळ रागावलो. पण ही मुले आळशी होती एवढेच त्यातून ठरते काय? दोन वर्षे हाताने तीन तास सलग लिहिण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती आणि त्यांना त्याची भीती वाटत होती. तीच पिढी त्यानंतरच्या वर्षांत पदवीच्या वर्गांत आली.

आता दुसरी बाजू. अभ्यासासाठी घेतलेल्या या फोनमध्ये त्याच उन्हाळ्यापासून आणखी काही शिरले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या जागेत जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले आणि सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ची सुरुवात भारतातूनच केली. म्हणजे ज्या महिन्यांत विद्यार्थी घरात कोंडलेला होता व हाती फोन असणे अनिवार्य होते, त्याच महिन्यांत अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींचे दोन प्रचंड कारखाने त्याच्या दारात उभे राहिले. त्यांची घडण समजून घेण्याजोगी आहे. चित्रफीत संपते आणि पुढची आपोआप सुरू होते. पान कधी संपतच नाही. पुढे काय येईल हे ठाऊक नसते. दहा निरर्थक फितींनंतर एखादी आवडती येते आणि त्या एकीच्या आशेवर अंगठा फिरत राहतो. सोंगट्यांचा जुगार याच तत्त्वावर चालतो. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती २००६ मध्ये रचणाऱ्या अझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने पुढे तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आहे.

यात आपल्याकडची एक खास भर आहे, जिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि ‘दररोज दीड जीबी’, ‘दररोज दोन जीबी’ अशा योजना रूढ झाल्या. त्या दिवसाचा उरलेला वाटा मध्यरात्री बुडतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू वाया जाऊ देऊ नये ही गरीब घराची शिकवण. परिणामी रात्री अकरा वाजता वसतिगृहातील मुलगा झोप येत असतानाही ‘नेट संपवायला’ बसतो. दुधाचा रतीब नासू नये म्हणून पोट भरलेले असतानाही पिऊन टाकावे, तसा हा प्रकार आहे. मुलांची झोप उडण्यामागे मनाच्या दुबळेपणाइतकाच रिचार्जच्या या रचनेचाही हात आहे.

मग याला व्यसन म्हणावे की नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०१९ मध्ये स्वीकारले गेले व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, ‘खेळांचा विकार’ म्हणजे संगणकीय खेळांवरील ताबा सुटणे याची नोंद आहे. ‘स्मार्टफोनचे व्यसन’ अशी वेगळी नोंद त्यात नाही. महाविद्यालयांत जी सर्वेक्षणे होतात त्यांपैकी अनेकांत कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये तयार केलेली प्रश्नावली वापरली जाते. ती विद्यार्थ्याने स्वतः भरायची असते. उत्तर स्वतःबद्दलचे असल्याने एका महाविद्यालयात तिसरा हिस्सा ‘व्यसनी’ ठरतो, तर दुसऱ्यात निम्म्याहून अधिक. असे आकडे वृत्तपत्रात वाचून घाबरून जाऊ नये. मात्र त्रास खरा आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र २०१४ मध्येच, म्हणजे साथीच्या सहा वर्षे आधी, सुरू केले होते. तेव्हा दोष सारा साथीचा नाही. साथीने जुन्या ओढ्याला पूर आणला.

एकाग्रतेविषयी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात झालेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी बुद्धीची कामे अधिक चांगली केली. ज्यांचा फोन बंद असूनही मेजावर होता, ते मागे पडले. नंतर इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत एवढा फरक आढळला नाही, म्हणून या प्रयोगाला ब्रह्मवाक्य मानू नये. अभ्यासिकेत बसणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारले तर तो प्रयोगाविनाही हेच सांगेल.

‘असर’चे २०२३ चे सर्वेक्षण ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटावर होते, ती मुले आज पदवीच्या वयाची आहेत. फोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी मागील आठवड्यात अभ्यासासाठी काही ना काही वापर केल्याचे सांगितले; समाजमाध्यमे वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. स्वतःच्या मालकीचा फोन मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे होता. मोबाईलच्या अतिरेकाची चर्चा करताना आपण बहुधा मुलग्यांची चर्चा करीत असतो. भावाचा फोन रात्री मोकळा झाला म्हणजे त्यावर अर्ज भरणारी मुलगीही याच तालुक्यात आहे. तिच्याबाबतीत ‘अतिवापर’ हा शब्दच हास्यास्पद ठरतो.

अर्जावरून मूळ मुद्द्याकडे येऊ. साथ संपल्यानंतर विद्यार्थ्याच्या फोनमध्ये काय काय उरले? शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो आणि त्याचा सांकेतिक क्रमांक आधारशी जोडलेल्या फोनवर येतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिचाही अर्ज ऑनलाईन. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला होता. जेवणसुद्धा खात्यावर आले म्हणजे ते फोनवर आले. नव्या शैक्षणिक धोरणातील श्रेयांकांचे खाते डिजिलॉकरशी जोडलेले. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, सारे तेथेच. हे झाले शासनाचे. यांपैकी काही गोष्टी साथीच्या आधीपासून होत्या आणि त्यांच्यामुळे दलाल कमी झाले, फेऱ्या वाचल्या, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु महाविद्यालयाच्या चार भिंतींच्या आतील गोष्टी फोनवर का राहिल्या? तासिकेची वेळ बदलली तर सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर, तीही कधी रात्री साडेदहाला. टिपणे पीडीएफ स्वरूपात. प्रात्यक्षिकाची वही कोणत्या दिवशी द्यायची हेही गटावर. सूचनाफलकावर गेल्या वर्षीचा कागद वाऱ्याने फडफडतो आहे. अशा परिस्थितीत ‘फोन बाजूला ठेव’ असे विद्यार्थ्याला सांगणे म्हणजे ‘महाविद्यालय बाजूला ठेव’ असे सांगणे होय. तो सूचना पाहण्यासाठी फोन उघडतो आणि चाळीस मिनिटांनी भानावर येतो. दार आपणच उघडे ठेवले आहे. आत कोण शिरले याचा जाब मात्र एकट्या त्याला विचारतो.

शाळकरी मुलांसाठी साथीतही कोणी ना कोणी दुसरा मार्ग शोधला. सोलापूरच्या नीलमनगर वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी असा मार्ग शोधावा असे फारसे कोणाला सुचले नाही. ही खंत नाशिककरांना अधिक वाटावी, कारण दुरून शिकवण्याची विद्या याच शहराची आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शेतकरी, कामगार, संसारी स्त्रिया यांना त्याने घरपोच शिक्षण दिले, ते छापील स्वयं-अध्ययन पुस्तकांतून आणि अभ्यासकेंद्रांतून. दूरशिक्षण म्हणजे पडदा असे समीकरण तेव्हा नव्हते. कागद, टपाल आणि महिन्याकाठी भेटणारा मार्गदर्शक एवढ्यावर असंख्य लोक पदवीधर झाले.

उपायांची चर्चा होते तेव्हा दोन गावांची नावे येतात. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत दूरदर्शन संच व मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी त्यांना साथ द्यावी, असा गावाचा ठराव होता. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खातीच बंद केली. तिन्हींपैकी वडगावचा प्रयोग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण तेथे आईबापांचाही फोन बंद होतो. परंतु विद्यापीठातील विद्यार्थी यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. तो सज्ञान आहे, मतदार आहे, खोली घेऊन शहरात राहतो. त्याच्यावर बंदी घालता येत नाही आणि घालूही नये.

त्याच्या सज्ञानपणाचा लाभ इतरांनी मात्र घेतला. पैशांवर खेळायचे क्रिकेटचे व पत्त्यांचे खेळ याच वयोगटाच्या खिशावर डोळा ठेवून होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली, हे योग्यच झाले. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे जाळे त्याहून वाईट. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज-ॲप आढळली, त्यांतील ६०० बेकायदेशीर होती. मुलगा गप्प गप्प राहतो आहे, फोन वाजला की दचकतो आहे, असे दिसले तर प्रश्न रील्सचा नसून कर्जाचा असू शकतो. पालकांनी अशा वेळी आधी रागावू नये. आधी किती रक्कम आहे ते विचारावे.

धर्मग्रामस्थांनी स्वतःकडेही पाहावे असा एक प्रसंग सांगतो. साथीत आपली मंदिरे बंद असताना पवित्र मिस्सा यूट्यूबवरून घरोघरी पोहोचली आणि त्या आधाराचे मोल कमी नाही. पोप फ्रान्सिस यांची सांता मार्ता येथील दररोजची पहाटेची मिस्साही तेव्हा जगभर थेट दाखवली जात होती. पण १७ एप्रिल २०२० रोजीच्या प्रवचनातच त्यांनी सावध केले होते की, पडद्यावरील हा सहभाग संकटापुरता आहे. बोगद्यातून बाहेर पडायचे आहे, बोगद्यात राहायचे नाही. इटलीत १८ मे २०२० रोजी लोकांसह मिस्सा पुन्हा सुरू झाली आणि त्या दिवसानंतर हे दररोजचे थेट प्रक्षेपण थांबवण्यात आले. लक्षावधी लोक ते पाहत असतानाही थांबवण्यात आले. आपत्कालीन साधनाला शेवटची तारीख असावी लागते आणि ती कोणीतरी ठरवावी लागते, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांत घडली नाही. खरे तर आपल्या अनेक धर्मग्रामांतही घडली नाही. तरुणांच्या सभेची सूचना आपणही फक्त गटावरच टाकतो.

म्हणून पालकांनी महाविद्यालयात गेल्यावर मुलाची तक्रार प्राचार्यांकडे करण्याऐवजी एक साधी चौकशी करावी: कोणत्या सूचना केवळ फोनवर दिल्या जातात? त्या फलकावर लावाव्यात, टिपणांची एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवावी, सायंकाळी सातनंतर गटावर काही टाकू नये. खर्च नगण्य आहे. धर्मग्रामाचे सभागृह संध्याकाळी बंदच असते. ते अभ्यासिका म्हणून उघडता येईल, विशेषतः एका खोलीत पाचसहा जणांनी राहणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी. ज्याची झोप, जेवण, अभ्यास सारेच विस्कटले आहे त्याला मात्र उपदेश न करता मदतीकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे व तेथे मराठीतून बोलता येते.

वसतिगृहे चालवणाऱ्यांसाठी एवढेच. रात्री दहाला फोन कार्यालयात जमा करण्याचा नियम पुष्कळ ठिकाणी विचाराधीन असतो. तो करण्यापूर्वी दहानंतर कोणतीही सूचना, कोणताही अर्ज, कोणतीही मुदत विद्यार्थ्याच्या फोनवर येणार नाही, अशी हमी अधीक्षकांनी संबंधित महाविद्यालयाकडून लेखी घ्यावी. ती मिळाली नाही तर मुले एक जुना फोन जमा करतील आणि दुसरा उशीखाली ठेवतील, आणि त्यात त्यांची चूक फारशी नसेल.